"डॉक्टरांना सांगू नका" असं कुणी म्हणालं तर

आईला अंडाशयाचा कॅन्सर असल्याचं कळलं तेव्हा तिसरी स्टेज होती. ऑपरेशन झालं, मग दर २१ दिवसांनी एक अशा सहा केमो ठरल्या. फाइल, औषधं, रात्रीच्या उलट्या, नातेवाइकांचे फोन, सगळं मी एकटी बघत होते. हे आधी सांगते, कारण आम्हाला फसवणारी बाई औषध विकायला आलीच नव्हती. ती माझी विचारपूस करायला आली होती.

दुसऱ्या केमोच्या दिवशी डे-केअरबाहेरच्या बाकावर ती शेजारी येऊन बसली. "तू जेवलीस का गं?" एवढंच म्हणाली. कित्येक आठवड्यांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. जो तो आईची चौकशी करायचा, आणि ते साहजिकच होतं. पण मला तिथेच रडू फुटलं. तिने पाठीवरून हात फिरवला, नंबर घेतला आणि त्यानंतर रोज रात्री फोन करू लागली. आपले यजमान याच दुखण्यातून उठले, असं बोलता बोलता सांगितलं, पण औषधाचं नाव काढलं नाही. शेवटी मीच विचारलं, "ताई, त्यांना तुम्ही नेमकं काय दिलं होतं?"

मग एका 'सरांशी' बोलणं करून दिलं. सर म्हणाले, कॅन्सर आम्लधर्मी शरीरात वाढतो, आमचं चूर्ण रक्त अल्कधर्मी करतं, नोबेल मिळवणाऱ्या शास्त्रज्ञाने हे सिद्ध केलंय. नाव घेतलं ऑटो वॉरबर्ग यांचं. वॉरबर्गना १९३१ मध्ये नोबेल मिळालं हे खरं, पण ते पेशींच्या श्वसनातल्या एन्झाइमवरच्या कामासाठी. आणि रक्ताचा पीएच, म्हणजे ते किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी हे दाखवणारा आकडा, ७.३५ ते ७.४५ च्या दरम्यानच राहतो. तो सांभाळायचं काम फुप्फुसं आणि मूत्रपिंडं करतात, पुडीतल्या चूर्णाने तो बदलत नाही. हे मी नंतर वाचलं. तेव्हा फक्त त्या माणसाच्या आवाजातली खात्री ऐकत होते. डॉक्टर "बघू या, तिसऱ्या केमोनंतर स्कॅन करू" म्हणायचे आणि हा माणूस "आई बऱ्या होणार" म्हणत होता.

फोन ठेवताना ते म्हणाले, "डॉक्टरांना सांगू नका. त्यांना हे पटत नाही, उगाच चिडतात." मी ऐकलं. माझी चूक तिथे झाली.

चूर्ण सुरू केलं आणि चार दिवसांत आई ताट संपवायला लागली. सांधे दुखायचे थांबले. एकदा पहाटे उठून तिने कपाट आवरलं, साड्यांच्या घड्या घालताना गुणगुणत होती. ते बघून मला जो आनंद झाला तो कसा सांगू? आमच्यासारख्या लोकांना पकडायला एवढं पुरतं. तिचा चेहरा गोल दिसायला लागला, तर आम्ही म्हटलं, अंगाला लागतंय. साखर वाढली, तर म्हटलं, केमोमुळे असेल.

सीए-१२५ हा मार्कर, म्हणजे आजाराचा अंदाज देणारा रक्ततपासणीतला आकडा, ४०० च्या वर होता, तो चौथ्या केमोपर्यंत ६८ वर आला. तो उतरला केमोमुळे. पण सरांनी रिपोर्टचा फोटो मागितला आणि श्रेय चूर्णाला दिलं. ६८ भोवती मी आनंदाने हिरव्या पेनाने गोल केला होता. तसाच फोटो पाठवला.

पाचव्या केमोनंतर सूर बदलला. चूर्णाची किंमत दुप्पट झाली आणि "आता केमो थांबवा, तिच्या विषाने आमचा गुण मारला जातो" असा धोशा सुरू झाला. सहावी केमो आम्ही पुढे ढकलली. २०१८ मध्ये येल विद्यापीठाच्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता. शरीरात इतरत्र न पसरलेल्या कॅन्सरमध्ये नेहमीचे उपचार सोडून फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका अडीच पट आढळला. मला हे कुणीतरी त्या आठवड्यात सांगायला हवं होतं. पण सांगणार कोण, मी सगळ्यांपासून लपवत होते.

पैसे संपले, पुड्या संपल्या. चौथ्या दिवशी आई बाथरूमच्या दारात कोसळली. उलट्या, बीपी खाली, सोडियम खाली, साखरही खाली. इमर्जन्सीतल्या डॉक्टरांनी तिचा चेहरा नीट पाहिला आणि विचारलं, "यांना स्टेरॉइड कोण देतंय?" आई माझ्याकडे बघत राहिली. ती काहीच बोलली नाही.

उरलेली चिमूटभर पूड तपासली तर त्यात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड निघालं. हे नाव मला नवीन नव्हतं. केमोच्या आधी ॲलर्जी होऊ नये म्हणून तेच औषध आईला मोजून दिलं जायचं, तिच्या चार्टवर लिहिलेलं होतं. स्टेरॉइडने भूक लागते, दुखणं दबतं, माणूस तरतरीत वाटतो. पण रोज बाहेरून मिळत राहिलं की शरीर स्वतःचं नैसर्गिक स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉल, बनवणं कमी करतं, आणि मग ते एकदम बंद केलं तर जिवावर बेतू शकतं. शिवाय ताप दबतो. केमोत पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना ३८ अंशांचा ताप म्हणजे लगेच हॉस्पिटल गाठायचं, असं आम्हाला बजावलेलं होतं. आमच्याकडे ती धोक्याची घंटाच बंद करून ठेवलेली होती.

आईच्या डॉक्टर माझ्यावर ओरडल्या नाहीत. "कधीपासून, किती पुड्या, तारखा सांग," म्हणाल्या आणि लिहून घेत गेल्या. या बाईंना मी काय म्हणून घाबरत होते, हे अजून कळत नाही. सहावी केमो पाच आठवडे उशिरा झाली. पोलिसांत तक्रार दिली, पण त्या दोघांचे नंबर तोवर बंद झाले होते.

गेल्या महिन्यात आई तपासणीसाठी आत होती आणि मी त्याच बाकावर बसले होते. शेजारच्या मुलाने फोन पुढे केला. "मावशी, हे बघा, एका पेशंटचा मार्कर किती उतरलाय." नाव खोडलेलं होतं. ६८ भोवती हिरवा गोल होता.

"हा माझ्या आईचा रिपोर्ट आहे," मी म्हटलं.

त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे त्या बऱ्या झाल्या?"

"पुड्या कधीपासून चालू आहेत?"

"तीन आठवडे झाले. बाबा आता जेवतात हो, मावशी."

"आपल्या मनाने बंद करू नकोस. एकही पुडी फेकू नकोस. चल, आत्ता डॉक्टरांकडे जाऊ, मी येते बरोबर."

तो दोन मिनिटं तसाच बसून राहिला. मग पिशवीच्या तळातून डबी काढली आणि मांडीवर ठेवून पुड्या मोजायला लागला.