मुलींची सॉकर बॅच, कॅरी (नॉर्थ कॅरोलिना): दहा आठवड्यांचा रिव्ह्यू, आणि थोडं अ‍ॅन्सन डॉरन्सबद्दल

आधी थोडक्यात सांगते. पाचपैकी चार स्टार. कोचिंग एक नंबर, पण एक गोष्ट चुकली, ती खाली सविस्तर लिहिलीये. क्लबचं नाव मुद्दाम देत नाही कारण ती चूक त्यांनी नंतर सुधारली आणि मला कुणाचं नाव खराब करायचं नाहीये. रॅले, कॅरी, मॉरिसव्हिल भागात आपली मराठी घरं भरपूर आहेत, ज्यांना मुलीला सॉकरला घालायचंय त्यांच्यासाठी लिहितेय, आणि जे म्हणतात की मुलीला एवढी स्पर्धा कशाला, त्यांच्यासाठी जरा जास्तच.

मी मूळची कोल्हापूरची. म्हणजे फुटबॉल (सॉकर म्हणायला अजून जीभ वळत नाही) आमच्याकडे पेठापेठांत, तालमीतालमींत. पाटाकडीलची मॅच शाहू स्टेडियमवर असली की बाबा आणि दादा दुपारीच घराबाहेर पडायचे, रात्री घसा बसवून यायचे. मी एकदाही गेले नाही. मला कुणी अडवलं असं पण नाही, मुलींनी जायचं असतं हेच कुणाच्या डोक्यात नव्हतं, माझ्याही नाही. त्यामुळे लेक अकरा वर्षांची झाल्यावर स्वतःहून म्हणाली मला सॉकर खेळायचंय तेव्हा मी दुसऱ्या दिवशीच फॉर्म भरला.

बॅच फॉलची, दहा आठवडे, मंगळवार गुरुवार संध्याकाळी दीड तास, सोळा मुली. मुख्य कोच एक बाई आहेत, स्वतः कॉलेजला खेळलेल्या. पहिल्याच दिवशी बघितलं तर मैदानाच्या कडेला दोन कॉलेजच्या मुली हातात पॅड घेऊन उभ्या आणि सगळं लिहून घेतायत. एकास एक खेळताना कोण जिंकलं, कुणाची स्प्रिंट किती सेकंदांची, डाव्या पायाने दहातले किती पास नीट गेले, तीन-तीनच्या छोट्या मॅचमध्ये कोणाची टीम जिंकली. सगळं. मला वाटलं पहिल्या दिवसाची चाचणी असेल. तर नाही, रोज हेच.

आणि मग पहिल्या आठवड्याच्या शेवटी आई-बाबांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शीट आली, एक ते सोळा नंबर लावून, नावांसकट. आमची चौदावी. गाडीत बसल्यावर सीटबेल्ट लावेपर्यंत धीर धरला तिने आणि मग जी रडली. "मी चौदावी आहे आणि सगळ्यांच्या आयांना माहितीये." नंबराचं तिला तेवढं वाईट वाटलं नव्हतं, दुसऱ्या वाक्याचं वाटलं होतं, हे मला पण नंतर कळलं. हा एक स्टार इथेच गेला.

कोचला फोन केला. त्यांनी माफी मागितली आणि म्हणाल्या की पद्धत आमची नाही, ही चॅपल हिलहून आलीये, तिथल्या युनिव्हर्सिटीच्या मुलींच्या टीमच्या गाजलेल्या कोचची, अ‍ॅन्सन डॉरन्सची. तो माणूस माहीत असेल तर मी असं का करते ते कळेल. मला नाव ऐकून माहीत होतं, त्याच्या नावाचं स्टेडियमच आहे यूएनसीमध्ये (चॅपल हिलची युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलिना), 2019 ला जुन्या फेट्झर फील्डच्या जागी बांधलेलं. पण त्यापुढे काही माहीत नव्हतं. मग पुढचे काही दिवस जे मिळेल ते वाचत बसले, आणि माझं मत बरंच बदललं म्हणून ते पण इथे लिहितेय, कारण ते कळल्याशिवाय या बॅचचा रिव्ह्यू अर्धाच होईल.

पहिलीच ओळ वाचून थबकले. जन्म 1951, मुंबई. वडील तेल कंपनीत होते, बदल्या होत राहायच्या, त्यामुळे पोरगं इथिओपिया, केनिया, सिंगापूर, बेल्जियम करत वाढलं आणि शाळा स्वित्झर्लंडमध्ये. म्हणजे फुटबॉल त्याला अमेरिकेने शिकवला नाही, तो बाहेरून घेऊन आला. यूएनसीच्या टीममध्ये खेळला, इंग्लिश आणि फिलॉसॉफीची डिग्री घेतली 1974 ला, मग लॉ कॉलेजलाही गेला पण वकील काही झाला नाही. 1977 पासून पुरुषांच्या टीमचा कोच, आणि 1979 ला युनिव्हर्सिटीने मुलींची टीम सुरू केली ती पण त्याच्याकडेच. 1988 पर्यंत दोन्ही टीम एकटा सांभाळत होता.

1979 ला मुलींचं कॉलेज सॉकर म्हणजे काय होतं हे समजून घ्यायला पाहिजे. 1972 मध्ये टायटल नाईन कायदा आला होता, सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांनी मुलामुलींत भेदभाव करायचा नाही, त्यात खेळही आला. पण कायदा आला म्हणून मैदानं लगेच भरत नाहीत. एनसीएएने (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची मुख्य संघटना) मुलींची सॉकर चॅम्पियनशिप सुरूच केली 1982 ला. त्याच्या आदल्या वर्षी एआयएडब्ल्यू म्हणून दुसरी संघटना होती तिची स्पर्धा चॅपल हिललाच झाली आणि ती पण यूएनसीच्या मुलींनीच जिंकली. पुढे 1982 ते 2000 या एकोणीस वर्षांत एनसीएएच्या सोळा ट्रॉफ्या यांच्या. 1986 ते 1994 सलग नऊ! मधे एकदा सलग 92 मॅच जिंकल्या, ती मालिका 1994 ला नोत्र दाम युनिव्हर्सिटीशी 0-0 बरोबरी झाली तेव्हा थांबली. हरले नाहीत तेव्हापण, बरोबरी. डॉरन्सच्या एकूण 21 एनसीएए ट्रॉफ्या, त्याची शेवटची 2012 ची, आणि नऊशेच्या वर विजय. आमच्या घरात क्रिकेटचे आकडे पाठ असणारी माणसं आहेत, त्यांना हे सांगितलं तर परत परत विचारलं, नक्की बरोबर वाचलंस ना.

पण मला आकड्यांपेक्षा ती लिहून घ्यायची पद्धत कुठून आली ते जास्त आवडलं. त्याच युनिव्हर्सिटीत बास्केटबॉलचे डीन स्मिथ होते, इकडे त्यांना देवासारखं मानतात. डॉरन्स त्यांची प्रॅक्टिस बघायला जाऊन बसायचा. तिथे प्रत्येक ड्रिलमध्ये कोण काय करतंय ते नोंदवलं जायचं. ते बघून याने मुलींच्या टीममध्ये तेच सुरू केलं, हेडर, स्प्रिंट, एकास एक, सगळ्याची नोंद, सगळ्याचा नंबर, आणि यादी सगळ्या टीमला दिसेल अशी. याला कॉम्पिटिटिव्ह कॉल्ड्रन म्हणतात, आपल्या भाषेत उकळती कढई म्हणा. त्याचं निरीक्षण असं होतं की मुली मॅचमध्ये जीव तोडून खेळतात पण प्रॅक्टिसमध्ये मैत्रिणीच्या अंगावर जायला मागेपुढे बघतात, मैत्रीण दुखावेल म्हणून. नोंद होतेय म्हटल्यावर जोर लावायला परवानगीच मिळाली त्यांना. "मला तुला हरवायचंय" हे वाईट वागणं नाही, आजचं काम आहे.

हे वाचून मला माझंच लहानपण आठवलं. आम्हाला कुणी हरू नको म्हटलं नाही, पण हरव असंही कधी कुणी म्हटलं नाही.

मिया हॅम, त्याचीच खेळाडू आणि पुढे अमेरिकेची स्टार, तिची गोष्ट तर लेकीला रोज सांगावी लागते आता. डॉरन्स सकाळी गाडीने ऑफिसला चाललेला, रस्त्याकडेच्या मैदानात एक मुलगी एकटीच स्प्रिंट मारतेय, घामाने निथळलेली, वाकून श्वास घेतेय आणि परत पळतेय. जवळून बघितलं तर आपलीच मिया. त्याने तिला नंतर चिठ्ठी लिहिली, त्यातला भाव असा की कुणी बघत नसताना दमून वाकलेली मुलगी, चॅम्पियन दिसतो तो असा.

1986 ते 1994 तो अमेरिकेच्या महिला टीमचाही कोच होता, कॉलेज सांभाळून. 1991 ला चीनमध्ये बायकांचा पहिला वर्ल्ड कप झाला. तेव्हा मॅच 80 मिनिटांची ठेवली होती, 90 नाही, यावर मी जास्त बोलत नाही, राग येतो. ग्वांगझूला फायनल नॉर्वेशी, 1-1 असताना 78 व्या मिनिटाला मिशेल एकर्सने गोल मारला, दोन्ही गोल तिचेच, 2-1. कॅप्टन एप्रिल हाइनरिक्स, शिवाय क्रिस्टीन लिली, मिया हॅम, या सगळ्या चॅपल हिलच्या मुली. हाइनरिक्स पुढे स्वतः अमेरिकेची कोच झाली आणि 2004 ला अथेन्समध्ये गोल्ड जिंकवलं. इंग्लंडच्या लुसी ब्रॉन्झ आणि अलेसिया रुसो, त्या पण कॉलेजला इथेच खेळून गेल्या.

आता दुसरी बाजू, आणि ही मला आई म्हणून लिहायलाच पाहिजे. 1998 ला दोन माजी खेळाडूंनी डॉरन्स आणि युनिव्हर्सिटीवर लैंगिक छळाची केस केली. आरोप असा की कोच मुलींच्या खाजगी आयुष्याबद्दल, लैंगिक संबंधांबद्दल बोलायचा, विचारायचा. त्याचं म्हणणं होतं की ते बोलणं थट्टामस्करीतलं होतं. एक केस 2004 ला मिटली, दुसरी 2008 ला, त्यात युनिव्हर्सिटीकडून 385,000 डॉलर, आणि डॉरन्सने पत्र लिहून माफी मागितली. दहा वर्षं लढली ती मुलगी. कौतुक वाचताना हे शेवटी एका ओळीत येतं बऱ्याच ठिकाणी, मला ते पटत नाही. खेळाडूच्या जवळ जाणारा, तिच्याशी वेगळं बसून बोलणारा कोच हीच याची ताकद सांगतात, आणि जवळ म्हणजे कुठवर हा प्रश्न पण तिथेच येतो. ट्रॉफ्या मोजल्या म्हणून तो प्रश्न सुटत नाही.

म्हणून मी क्लबला सरळ विचारलं, मुलीशी एकटीशी बोलायचं असेल तर कसं बोलता? उत्तर चांगलं मिळालं. मैदानावरच, सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी, दुसरी मोठी व्यक्ती हजर, मेसेज करायचा तर आई-बाबांना त्यात ठेवून. सगळ्या कोचचं सेफस्पोर्टचं, म्हणजे खेळाडूंना छळापासून सुरक्षित ठेवण्याचं, ट्रेनिंग झालेलं. कुठल्याही क्लबला मुलीला घालताना हे विचारा, विचारताना संकोच करू नका, चांगल्या क्लबला राग येत नाही.

शीटचंही त्यांनी बदललं. आता ग्रुपवर काही येत नाही. यादी फक्त मुलींना प्रॅक्टिसच्या वेळी दाखवतात, आणि प्रत्येकीला तिचा एकच मुद्दा सांगतात काय सुधारायचं. आमचीला सांगितलं डावा पाय. मग काय, घराच्या गॅरेजच्या दारावर रोज धाड धाड, शेजारच्यांची परवानगी घ्यावी लागली. दहाव्या आठवड्यात नववी आली. पण मला जास्त आनंद कशाचा झाला तर एका गुरुवारी तिची अगदी जवळची मैत्रीण, जी पहिल्या दिवसापासून पहिल्या तिनात आहे, तिच्याकडून हिने बॉल काढून घेतला, दोघी धडपडल्या, उठल्या, आणि परत जाताना आमच्याच गाडीत मागे बसून एका डब्यातली संत्री खात होत्या.

बाकी गोष्टी पटकन. फी इथल्या मानाने ठीक, महिन्याला दोनशे डॉलरच्या आसपास, बहीण पण असेल तर सूट आहे. मैदान खऱ्या गवताचं, पाऊस झाला की सेशन रद्द होतं आणि भरपाईचं सेशन देतात, आमचं एक राहिलं होतं ते दिलं. पार्किंगला मंगळवारी त्रास, शेजारी मुलांची लॅक्रॉसची प्रॅक्टिस असते, दहा मिनिटं आधी निघा. नोव्हेंबरमध्ये साडेपाचलाच अंधार पडतो आणि थंडी बोचते, आतून फुल बाह्यांचा टीशर्ट द्याच.

आणि इथे राहताय तर मुलींना एकदा तरी कॉलेजची मॅच दाखवा, बॅचमध्ये जे शिकवतात ते मोठं होऊन कसं दिसतं ते कळतं. आम्ही 2022 च्या डिसेंबरमध्ये कॅरीच्याच वेकमेड पार्कला फायनल बघितली होती, यूएनसी विरुद्ध यूसीएलए (लॉस एंजेलिसची युनिव्हर्सिटी). कॉलेज मॅचमध्ये बोर्डावरचं घड्याळ उलटं चालतं, शून्याकडे. यूएनसी 2-0 ने पुढे होती, मग एक गोल गेला, आणि शेवटचे 16 सेकंद राहिले असताना दुसरा. एक्स्ट्रा टाइममध्ये 3-2 ने हरले. ती डॉरन्सची शेवटची फायनल ठरली. 2024 च्या ऑगस्टमध्ये, सीझन तोंडावर असताना तो रिटायर झाला, मुलींच्या टीमची 45 वर्षं करून. त्याच डिसेंबरला, त्याच वेकमेड पार्कवर, त्याचे असिस्टंट डेमन नाहास यांनी टीम घेऊन वेक फॉरेस्ट युनिव्हर्सिटीला फायनलमध्ये 1-0 हरवलं आणि ट्रॉफी परत चॅपल हिलला गेली.

स्प्रिंगच्या बॅचचं रजिस्ट्रेशन जानेवारीत उघडतं, सोळाच जागा असतात आणि लवकर भरतात. शिन गार्ड एक साइज लहान घ्या, इथले मोठे येतात. आमचीने यावेळी फॉर्म स्वतः भरलाय, फक्त कार्ड नंबर मला टाकायला लावला.