दादरची गाडगे महाराज धर्मशाळा : सात आठवड्यांचा मुक्काम

परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेणाऱ्या बाहेरगावच्या रुग्णांसाठी दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाने धर्मशाळा चालते. यजमानांच्या तोंडाच्या कर्करोगासाठी 33 वेळा किरणोपचार घ्यायचे ठरले, तेव्हा आम्ही हिंगोलीहून येऊन तेथे सुमारे सात आठवडे राहिलो. मुंबईत इतके दिवस राहायचे कोठे, हा प्रश्न अनेकांपुढे असतो, म्हणून हा अनुभव लिहीत आहे. मात्र त्या दिवसांत माझ्या श्रद्धेचे काय झाले, हे वगळून मला या जागेविषयी लिहिता येणार नाही.

यजमान तीस वर्षांपासून माळकरी. तंबाखू-सुपारीला त्यांनी कधी हात लावला नाही. निदान कळल्यावर एका नातेवाइकांनी हे पूर्वजन्मीचे भोग असल्याचे सांगितले, दुसऱ्यांनी अनुष्ठान सुचवले, आणि रोज हरिपाठ म्हणणारी मी दोघांचेही ऐकून गप्प राहिले. या किरणोपचारासाठी चेहरा आणि मान झाकणारा जाळीदार साचा करतात. त्यासाठी गळा मोकळा असावा लागतो. यजमानांनी माळ उतरवून माझ्या हाती दिली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले, आणि मला मात्र काहीच वाटले नाही. आजाराइतकीच मला त्या कोरडेपणाची भीती वाटली. त्या संध्याकाळपासून माझा हरिपाठ सुटला.

धर्मशाळेत आम्हाला कोणी देवावर भरवसा ठेवा असे सांगितले नाही, याबद्दल मी आजही ऋणी आहे. फाइल पाहिली, नावे लिहून घेतली आणि जागा दाखवली. येथे एकांत मिळत नाही; शेजारच्या माणसाचे रात्रभरचे कण्हणे ऐकावे लागते, आणि ज्यांना ते सोसणार नाही त्यांनी शक्य असल्यास वेगळी खोली पाहावी. परंतु तिसऱ्या आठवड्यात यजमानांच्या तोंडात फोड येऊन गिळणे बंद झाले आणि नाकातून नळी घालावी लागली, तेव्हा पेज किती पातळ करावी, दोनदा का गाळावी, नळी नंतर पाण्याने कशी धुवावी, हे सारे मला पलीकडच्या खाटेजवळ बसणाऱ्या सोलापूरच्या बाईंनी शिकवले. त्यांच्या मुलाचे उपचार तेव्हा थांबवले होते, हे मला नंतर समजले.

गाडगेबाबांची दशसूत्री मी शाळेत अनेक वर्षे मुलांकडून पाठ करून घेतली आहे. भुकेलेल्यांना अन्न येथून सुरू होऊन दुःखी व निराशांना हिंमत येथे ती संपते, आणि यालाच ती रोकडा धर्म म्हणते. मुलगा गोविंदा गेल्याची बातमी खारेपाटणच्या कीर्तनात कळूनही बाबांनी कीर्तन थांबवले नाही, ही गोष्टही मी वैराग्याचे उदाहरण म्हणून सांगत असे. सोलापूरच्या बाईंकडे पाहिल्यावर ती तशी सांगणे मला जमेल असे वाटत नाही. असे वैराग्य मी कोणाकडून मागू शकत नाही. मात्र त्याच माणसाने पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे लोकांसाठी धर्मशाळा उभारल्या, आणि त्यांच्या नावाच्या या वास्तूत आमच्यासारख्यांना विश्वासाची कसोटी न लावता आसरा मिळाला, एवढे मी खात्रीने सांगू शकते.

ज्यांना परळला रोज जावे लागते आणि ज्यांचा खिसा रिकामा होत चालला आहे, त्यांनी येथे अवश्य विचारणा करावी. दादरहून परळ लोकलने पुढचेच स्थानक आहे, तरी उपचारांच्या शेवटच्या आठवड्यांत रुग्णाला गर्दी झेपत नाही, म्हणून टॅक्सीचे पैसे बाजूला ठेवावेत.

आम्ही घरी परतलो आहोत. मी अजून पूर्ण हरिपाठ म्हणत नाही. यजमान म्हणतात तेव्हा जवळ बसते. त्यांच्या मानेची कातडी किरणांनी भाजल्यामुळे माळ इतक्यात घालता येणार नाही, आणि तोवर ती त्यांनी माझ्याकडेच ठेवायला सांगितली आहे.