उष्ण उत्तरेत दोघांचं घर आणि ऑफिस: आमच्या १९ फुटी कॅराव्हॅनचा रिव्ह्यू

कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर. आमची १९ फुटी, दोन अ‍ॅक्सलची, ऑस्ट्रेलियातच बांधलेली. ब्रिस्बेनजवळच्या एका डीलरकडून आम्ही ती वापरलेली घेतली, ५२,००० डॉलरला. मे महिन्यात टाउन्सव्हिलहून निघालो. माउंट आयझा, थ्री वेजचा तिठा, कॅथरिन, डार्विन, मग पश्चिमेला कनुनरा, आणि आंब्याच्या हंगामाला परत कॅथरिन. फिरणं होतंच, पण दोघांचीही कमाई चालू होती. मी मेलबर्नच्या काही छोट्या व्यावसायिकांचे हिशेब सांभाळते. त्यासाठी रोज लॅपटॉप, दुसरा स्क्रीन आणि मध्येच न तुटणारं इंटरनेट लागतं. नवरा फिटर आहे. कुठे कॅराव्हॅन पार्कचे, म्हणजे कॅराव्हॅन लावायच्या भाड्याच्या तळांचे, पंप, कुठे पॅकिंग शेडमधले सरकते पट्टे, अशी कामं त्याला मिळत गेली.

म्हणून हा रिव्ह्यू कामाच्या बाजूने लिहिते आहे. पलंग मऊ आहे का, हे शोरूममध्ये बसूनही कळतं. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीचं जीएसटीचं विवरणपत्र २८ ऑक्टोबरपर्यंत भरायचं असतं, आणि ऑक्टोबरात कॅथरिनला पारा ३७-३८ च्या घरात असतो. अशा दिवसांत दुपारी दोन वाजता आत बसून आकडे जुळवता येतात का, हे मला घेण्यापूर्वी कुणीतरी सांगायला हवं होतं.

येतात, पण पार्कातली वीज जोडलेली असेल तरच. छपरावरचा एसी चालतो तेव्हा साधारण १,२०० वॉट खातो. आमची बॅटरी २०० अँपिअर-तासांची लिथियम, बारा व्होल्टची. म्हणजे पूर्ण भरलेली असली तरी अडीच युनिटच वीज. इन्व्हर्टरमधली गळती धरली तर एसी दोन तासही धड चालत नाही. डीलर मात्र ‘बॅटरीवर एसी चालतो’ एवढंच सांगून थांबला होता. किती वेळ चालतो, हा प्रश्न प्रत्येकाने विचारावा आणि उत्तर तासांत मागावं.

जून-जुलैची गोष्ट निराळी. तेव्हा कॅथरिनला दिवसा तीस अंश आणि रात्री पांघरूण लागेल इतका गारवा. तेव्हा एसीला आम्ही हातही लावला नाही. पलंगाच्या दोन बाजूंना सिरोको नावाचे छोटे बारा व्होल्टचे पंखे आहेत. ते फुल स्पीडलाही अर्ध्या अँपिअरपेक्षा कमी खातात आणि हवे तसे वळवता येतात. या अख्ख्या कॅराव्हॅनमध्ये मला सगळ्यात जास्त आवडलेली वस्तू कोणती, तर हे पंखे. एक मी टेबलाजवळ हलवून घेतला.

आता खरा पेच. उत्तरेत कॅराव्हॅन सावलीत लावावी असं कुणीही सांगेल, आणि ते बरोबरच आहे. पण छपरावर आमची ४०० वॉटची सोलर पॅनेलं आहेत. झाडाखाली गेलं की ती जवळजवळ झोपतात. उपग्रहाच्या इंटरनेटलाही मोकळं आकाश लागतं. फांद्या आड आल्या की व्हिडिओ कॉल अडखळतो. म्हणजे शरीराला सावली हवी आणि कामाला ऊन. विजेची जोडणी नसलेल्या जागी आम्ही राहायचो तेव्हा रोजचा खर्च साधारण १३० अँपिअर-तास यायचा. त्यात निम्म्याच्या आसपास फ्रिजचा, बाकी लॅपटॉप, स्क्रीन, इंटरनेट, दिवे आणि पंखे. एवढं सावलीतल्या छपरावरून निघत नाही.

नवऱ्याने यावर उपाय काढला तो फार चांगला चालला. २०० वॉटचं घडीचं पॅनेल घेतलं, ते उन्हात पसरायचं आणि जाड केबलने दहा मीटर लांबून वीज आणायची. केबल बारीक असेल तर बारा व्होल्टमध्ये वाटेतच व्होल्टेज पडतं. शिवाय अशा पॅनेलच्या पाठीला बहुतेक वेळा रेग्युलेटर चिकटवलेला असतो. त्याने तो काढून बॅटरीजवळ आणला, म्हणजे चार्जिंगचं व्होल्टेज बॅटरीला पुरेपूर मिळतं. उपग्रहाच्या इंटरनेटचा, म्हणजे स्टारलिंकचा, मिनी अँटेनाही तसाच, लांब वायरीवर, उन्हात. तो थेट डीसीवर चालतो, इन्व्हर्टर लावावा लागत नाही, आणि तीस-पस्तीस वॉटमध्ये भागतं. कॅथरिन सोडून टिंबर क्रीककडे निघालं की मोबाइलचं नेटवर्क तासन्‌तास नसतं. तिथे एका रेस्ट एरियात मी दोन क्लायंटचे पगार वेळेवर काढले. अँटेनाला मी पैकीच्या पैकी मार्क देईन.

कॅराव्हॅन उभी करताना तोंड कुठे करायचं यालाही महत्त्व आहे. मे ते ऑगस्ट इथला सूर्य उत्तरेकडून जातो. आमची ऑनिंग, म्हणजे बाजूला उलगडायचं कापडी छत, डाव्या हाताला, फ्रिज उजव्या भिंतीला, बाथरूम मागे. तोंड पूर्वेला केलं की ऑनिंग उत्तरेला येते आणि दाराला सावली मिळते, फ्रिजची भिंत दक्षिणेला म्हणजे थंड राहते, आणि संध्याकाळचं पश्चिमेचं ऊन बाथरूमच्या भिंतीवर पडतं, पलंगावर नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला कॅथरिनला सूर्य डोक्यावर येतो आणि मग दक्षिणेकडे सरकतो. तेव्हा फ्रिजच्या भिंतीपासून हातभर अंतर ठेवून शेडक्लॉथ टांगलं. फ्रिजच्या कॉम्प्रेसरची घरघर ऐकूनच फरक कळत होता.

फ्रिजबद्दल सांगायचं तर आधीच्या मालकाने मूळचा गॅसवर चालणारा काढून कॉम्प्रेसरचा बसवला होता, आणि त्याचे आभार मानावेत तेवढे थोडे. गॅसचा फ्रिज पस्तीस अंशांच्या पुढे दमतो, आणि जमीन सपाट नसेल तर नीट थंडच होत नाही. आमच्या फ्रिजमध्ये बाहेर ३९ असतानाही दही आंबट होत नव्हतं.

स्वयंपाकघर लहान पण शहाणं आहे. ओट्यावर कुकर आणि कढई शेजारी शेजारी बसतात. फक्त बाहेर उघडणारा दुसरा गॅस असायला हवा होता, कारण उत्तरेत आत फोडणी दिली की ती उष्णता रात्रीपर्यंत आतच राहते. आम्ही एक सुटी शेगडी ऑनिंगखाली ठेवली. नॉर्दर्न टेरिटरीतून वेस्टर्न ऑस्ट्रेलियात शिरताना, कनुनऱ्याच्या अलीकडे, क्वारंटाइनची चौकी लागते. ताजी फळं, भाज्या, मध सगळं तिथे काढून घेतात. कढीपत्ता, मिरच्या, कोथिंबीर यातलं काहीही पुढे जात नाही. पण शिजवलेली भाजी चालते. मग टिंबर क्रीकला आदल्या रात्री फ्रिजमधलं सगळं संपवायचं म्हणून मोठी मिक्स भाजी केली आणि डब्यात भरली. चौकीवरच्या बाईंनी फ्रिज, कपाटं, गाडीची मागची बाजू सगळं शांतपणे पाहिलं, भाजीचा वास घेऊन काय काय घातलंय विचारलं आणि जाऊ दिलं.

घड्याळ हा या प्रवासातला माझा आवडता भाग. मेलबर्नचे नऊ म्हणजे टेरिटरीत साडेआठ. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मेलबर्नचं घड्याळ एक तास पुढे जातं, टेरिटरीचं जात नाही. म्हणजे मेलबर्नचे नऊ इथले साडेसात. नेमकं ऊन वाढतं तेव्हाच माझं काम सकाळी लवकर सुरू होऊन साडेतीनला संपायला लागलं. कनुनऱ्याला तर पहाटेच उजाडतं, कारण ते वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या अगदी पूर्व टोकाला आहे आणि घड्याळ मात्र पर्थचं पाळतं. आणि टेरिटरी भारताच्या बरोबर चार तास पुढे. बारा वाजता जेवायला बसले की आईचा सकाळचा चहा चाललेला असायचा, रोज फोन व्हायचा.

धुळीचं मात्र वाईट वाटतं, आणि इथे मी गुण कापते. एका कॅटल स्टेशनवर, म्हणजे गुरांच्या मोठ्या फार्मवर, नवऱ्याला पंपाचं काम होतं, चाळीस किलोमीटर कच्चा रस्ता. डीलरने कॅराव्हॅन धुळीपासून बंद आहे असं दोनदा सांगितलं होतं. पोचून दार उघडलं तर ओट्यावर, चादरीवर, माझ्या स्क्रीनवर विटेच्या रंगाचा थर. कारण समजून घेण्यासारखं आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे गॅस गळला तर बाहेर पडावा म्हणून जमिनीलगत झडपा ठेवाव्याच लागतात. कॅराव्हॅन धावत असताना आतला दाब बाहेरपेक्षा कमी होतो आणि त्याच झडपांतून, दाराच्या फटींतून धूळ आत ओढली जाते. उपाय म्हणजे छपरावर पुढे तोंड केलेलं, फिल्टर असलेलं झाकण. त्यातून हवा आत ढकलली जाते आणि आतला दाब वाढतो. नवऱ्याने ते पुढे डार्विनला बसवलं, तेव्हापासून थर येत नाही. झडपा कायमच्या बुजवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

वजनाचं थोडक्यात. कॅराव्हॅनची कमाल मर्यादा २,७०० किलो, रिकामी २,२००. पाचशे किलो खूप वाटतात. पण पाण्याच्या दोन टाक्या भरल्या की त्यातले १९० गेले, मग नवऱ्याची हत्यारं, गॅसचे सिलिंडर, धान्य. टाउन्सव्हिल सोडण्याआधी आम्ही वजनकाट्यावर नेली आणि हत्यारांची जड पेटी अ‍ॅक्सलच्या वर आणली. स्टुअर्ट हायवेवर ५३ मीटर लांबीची रोड ट्रेन, म्हणजे अनेक ट्रेलर जोडलेला ट्रक, समोरून जाते तेव्हा तिच्या वाऱ्याने कॅराव्हॅन हलते. वजन मध्यावर असल्यामुळे ती डोलली नाही, एकदाच ढकलल्यासारखी झाली.

ऑनिंगचं कौतुक आणि एक सावधगिरी. नोव्हेंबरात कॅथरिनला रोज दुपारी ढग जमतात, पाऊस मात्र पडेलच असं नाही. एका संध्याकाळी मी बाहेर कपडे काढत होते. हवा पूर्ण थांबली, झाडावरचे लाल शेपटीचे काळे काकाकुवा एकदम उडाले, आणि नवरा शेडमधून धावत आला: “अगं, कपडे राहू दे, आधी ऑनिंग!” दोघांनी दोन टोकं सोडून ती गुंडाळली आणि पट्टा लावला तोच वाऱ्याचा लोट आला. शेजारच्यांच्या ऑनिंगचा हात वाकून छपरावर गेला. आमची गुंडाळायला मिनिटभर लागतो, एकट्यालाही जमते, कापड अजून घट्ट आहे.

तेव्हा नवरा आंब्याच्या पॅकिंग शेडमध्ये होता. केन्सिंग्टन प्राइड जातीचा आंबा, केशरी, वासाला गोड. पण देठातून येणारा चीक उन्हात कातडीवर पडला की भाजल्यासारखे डाग उठतात. कॅराव्हॅनच्या मागच्या बाजूला बाहेर एक हातशॉवर आहे, पहिले काही महिने आम्ही तो पाय धुण्यापुरता वापरला. हंगामात मात्र नवरा रोज दारात येण्याआधी तिथेच हात, मान, दंड साबणाने धुवायचा, कपडे बादलीत टाकायचा आणि मगच पायरी चढायचा. चीक आत आला नाही. कामगार म्हणून राहणाऱ्यांनी हा शॉवर आहे का, आणि त्याला गरम-थंड दोन्ही पाणी येतं का, हे जरूर बघावं.

पार्कांबद्दल जास्त लिहीत नाही. हंगामात वीज असलेल्या जागेला आम्ही रात्रीचे ५० ते ६० डॉलर दिले. आठवड्याने किंवा महिन्याने राहिलं तर स्वस्त पडतं, पण वीज कधी कधी मीटरवर वेगळी असते, हे आधी विचारावं. टॉप एंडच्या, म्हणजे टेरिटरीच्या उत्तर टोकाच्या, बाथरूममध्ये हिरवे मोठे बेडूक राहतात, कमोडच्या कडेखालीसुद्धा. ते निरुपद्रवी आहेत. मटरँकाजवळ राहिलात तर काम संपल्यावर बिटर स्प्रिंग्जला जा. पाणी ३४ अंशांचं, निळसर स्वच्छ, आणि प्रवाह आपल्याला पामच्या झाडांखालून हळूहळू पुढे नेतो. खुर्चीत आठ तास बसलेल्या पाठीला त्यासारखं औषध नाही. इतर नद्यांत आणि बिलबाँगांत, म्हणजे नदीच्या साचलेल्या डोहांत, मात्र मगरींच्या पाट्या वाचल्याशिवाय काठावरही उभं राहू नये.

अशी कॅराव्हॅन ज्यांना वापरलेली घ्यायची आहे त्यांनी रंगरंगोटीत वेळ घालवू नये. सिंकखालचं कपाट उघडा, पाइप जमिनीतून जातात तिथे बोट फिरवा. तांबडी धूळ लागली तर कॅराव्हॅन कच्च्या रस्त्यावरून आलेली आहे आणि सील गेलेली आहेत. मग पलंगाखालची बॅटरी बघा, तिच्यावरचे अँपिअर-तास स्वतः वाचा, आणि डीलरसमोर एसी बॅटरीवर लावून घड्याळ बघत तिथेच बसा. आमच्या डीलरसमोर नवरा चाळीस मिनिटं असाच बसला होता, आणि त्यातूनच ५६,००० चे ५२,००० झाले.