तीनशे डॉलरचं जुनं रायडिंग मोअर (बसून चालवायचं गवत कापायचं मशीन) : दोन सीझन वापरल्यानंतर

सीअर्स या अमेरिकन दुकानाच्या काळातलं क्राफ्ट्समन, 42 इंची डेक (खालचं ब्लेडचं कवच), ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं एक सिलिंडरचं इंजिन. ज्यांच्याकडे आहे त्यांना आणखी काही सांगायला नको आणि ज्यांच्याकडे नाही त्यांच्या शेजाऱ्याकडे नक्की असेल. आम्ही नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटच्या बाहेर राहतो. पाऊण एकर फेस्क्यू गवत, खाली लाल माती. गवत कापणारा माणूस महिन्याला जे घेत होता ते बघून माझ्या पोटात दुखायला लागलं, म्हणून हे सेकंडहँड उचललं.

लिहायला बसलो ते मशीनचा बेल्ट विकणाऱ्यावरच्या रागाने. पण तिथे येण्याआधी इंजिनाचं सांगतो, कारण मशीनबद्दलचं माझं मत तिथेच बदललं.

पहिला अख्खा सीझन हे मशीन मला आवडलं नाही. किल्ली फिरवली की इंजिन अर्धा फेरा फिरायचं, अडायचं, एक कण्हल्यासारखा आवाज यायचा आणि मग मूड असेल तर सुरू व्हायचं. बॅटरी बसली असेल म्हणून नवी यू1 बॅटरी घातली. फरक शून्य. केबलची टोकं घासली, स्टार्टरला करंट देणारा सोलेनॉइड बघितला. एका दुरुस्तीवाल्याने फोनवरच निदान केलं की स्टार्टर गेला. शिवाय मशीन न्यायचे-आणायचे वेगळे पैसे. एकूण आकडा ऐकून मी त्याला म्हटलं, याच्याहून कमी पैशात मी हे मशीन विकत घेतलंय. तो म्हणाला, मग नवीन घ्या.

तेव्हा सासरे सहा महिन्यांसाठी आले होते. इस्लामपूरचे, विहिरीवरच्या डिझेल इंजिनाशी आणि हिरो होंडाशी आयुष्यभर झटापट केलेला माणूस. गराजमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून दोन वेळा तो आवाज ऐकला आणि म्हणाले, "जावईबापू, टॅपेट बघितलेत का?"

टॅपेट म्हणजे वॉल्व्हची फट. तर प्रकार असा असतो. एवढ्या मोठ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन छोट्या स्टार्टरला एकट्याने पेलत नाही. म्हणून सुरू होताना वॉल्व्ह किंचित उघडा धरून थोडी हवा सोडून द्यायची सोय कॅमशाफ्टवरच केलेली असते. ते उचलणं अगदी केसभर असतं. वर्षानुवर्षं वापरून वॉल्व्हची फट वाढली की ते उचलणं त्या फटीतच जिरतं, वॉल्व्ह हलतच नाही आणि पूर्ण कॉम्प्रेशन स्टार्टरच्या छातीवर येऊन बसतं. आपल्याला वाटतं बॅटरी मेली.

प्लगची वायर काढली, प्लग काढला, वॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरवरचं झाकण उघडलं. दोन्ही वॉल्व्ह बंद असलेल्या स्ट्रोकवर पिस्टन अगदी वर आणायचा आणि तिथून पाव इंच खाली जाऊ द्यायचा. ही पाव इंचाची भानगड फार महत्त्वाची, नाहीतर ती हवा सोडणारी सोय मध्ये येऊन माप चुकवते. प्लगच्या भोकातून पिस्टनवर टेकवायला आम्ही पार्सलबरोबर आलेली चॉपस्टिक वापरली, तिच्यावर पेनाने खूण केली. या इंजिनाला इनटेकची फट 0.003 ते 0.005 इंच लागते, एक्झॉस्टची 0.005 ते 0.007. एक्झॉस्टमध्ये फीलर गेजची (फट मोजायच्या पत्त्यांची) पंधरा थाऊची, म्हणजे 0.015 इंचाची पत्ती आत गेली आणि वर हलत होती! सासऱ्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मधला टॉर्क्स स्क्रू सैल करून नट फिरवला, पत्ती ओढताना हाताला जरा अडेल इतपत ठेवली, स्क्रू परत घट्ट केला. किल्ली फिरवली तर फर्र करून चालू. खर्च काय, तर फीलर गेजचे आठ डॉलर.

हा भाग वेळोवेळी तपासायचाच असतो, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे. आधीच्या मालकाने मॅन्युअलच उघडलं नसावं, पिशवीतून सीलबंद मिळालं मला.

आता पार्ट. क्राफ्ट्समन नावाच्या मशीनला सुटा भाग शोधताना "क्राफ्ट्समन" लिहून काहीही मिळत नाही, म्हणजे फार काही मिळतं आणि त्यातलं निम्मं आपलं नसतं. सीट उचला, खाली स्टिकर आहे. मॉडेल नंबर 917 ने सुरू होत असेल तर सीअर्सने ते एवायपी या कंपनीकडून, म्हणजे पुढे हस्कवार्ना झालेल्या मंडळींकडून बनवून घेतलं होतं. 247 ने सुरू होत असेल तर एमटीडी या दुसऱ्या कंपनीकडून. दोघांचं एकमेकांना काही बसत नाही. माझं 917, म्हणजे ऑरेंजबर्ग, साउथ कॅरोलिनाचं, इथून गाडीने दोनेक तास. सीअर्सने क्राफ्ट्समन हे नाव 2017 मध्ये स्टॅनली ब्लॅक अँड डेकरला विकलं आणि 2018 मध्ये स्वतः दिवाळखोरीत गेले, पण हे जुने नंबर अजून जिवंत आहेत. खरी गंमत अशी की एवायपीचा सहा आकडी नंबर आणि त्याच्या आधी 532 लावलं की हस्कवार्नाचा नंबर तयार. डेकचा बेल्ट 144959, तोच 532144959. स्पिंडल, म्हणजे ब्लेड फिरवणारा दांडा, 130794, तोच 532130794. एकच वस्तू दोन नंबरांखाली दोन किमतींना विकायला असते! मी दर वेळी दोन्ही टाकून बघतो. घरात आता या विषयावर कुणी माझ्याशी बोलत नाही. परवा मुलीने मैत्रिणीला सांगितलं, "बाबांना सीटखालचं स्टिकर दाखवू देऊ नकोस."

इंजिनाचा नंबर मात्र वेगळा, तो इंजिनावरच ठोकलेला असतो: मॉडेल, टाइप, कोड. मॉडेलचे पहिले दोन आकडे म्हणजे इंजिनाचं आकारमान घन इंचांत, कोडचे पहिले सहा म्हणजे वर्ष, महिना, दिवस. कार्ब्युरेटर मागवताना टाइप नंबर सुद्धा द्या.

स्पिंडल मी दुसऱ्या कंपनीचा, स्वस्तातला बसवला. एक सूचना: स्पिंडलच्या नव्या हाउसिंगच्या (कवचाच्या) भोकांना आटे पाडलेले नसतात. बोल्टच स्वतःचे आटे पाडत आत जातो आणि ॲल्युमिनियम हट्टी असतं. इम्पॅक्ट रेंच लावून एका दमात घुसवलात तर बोल्टचं डोकं हातात येईल. थेंबभर तेल, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, आणि बोल्ट सरळ जातोय ना हे दर वेळी बघायचं. ब्लेडही पर्यायी कंपनीचंच, मधलं पाच टोकांचं चांदणीसारखं भोक नीट बघून घेतलेलं. दोन्ही उत्तम चालले आहेत. म्हणून मी ठरवून टाकलं होतं की मूळ कंपनीचा पार्ट म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले.

आणि मग हा बेल्ट. ऑनलाइन विकणाऱ्या एकाकडून "144959 च्या जागी चालतो" असं लिहिलेला, निम्म्या किमतीचा मागवला. पाकीट उघडताच रबराचा असा वास की बायको म्हणाली, "अहो, हे बाहेर ठेवा आधी." तिसऱ्या कापणीला बेल्ट पुलीत उलटा झाला, पोट वर. काढून मोजला तर साडेपंच्याण्णव इंचांचा सत्त्याण्णवच्या पुढे ताणला गेलेला. विक्रेत्याचं म्हणणं, बसवलेला माल परत घेत नाही. मी विचारलं, न बसवता ताणतो हे कसं कळणार? उत्तर आलं की टेप लावलेला फोटो पाठवा. पाठवला. मग टेपवरचे आकडे दिसत नाहीत. परत पाठवला. मग वीस टक्के परत देतो, प्रकरण मिटवा. अडीच डॉलर! मी त्यांना दिलेल्या उत्तराची भाषा इथे लिहीत नाही. शेवटी कार्डाच्या बँकेकडे तक्रार केली, पैसे आले.

एवढं लिहून ठेवलं होतं. मधल्या काळात अरॅमिड या न ताणणाऱ्या दोऱ्याचा मूळ 144959 बसवला, तेव्हा वरच्या मतात दुरुस्ती. ब्लेड आणि स्पिंडल पर्यायी चालतील, बेल्ट नाही. मोअरचा बेल्ट नुसता फिरत नाही, ब्लेड चालू करताना क्लचसारखा घसरतो, मार खातो. गाडीच्या दुकानातला त्याच मापाचा बेल्टही याच कारणाने टिकत नाही. दुप्पट पैसे गेले याचं दुःख आहेच, पण गवत आता एका उंचीवर कापलं जातंय.

बाकी किरकोळ: हिवाळ्याआधी टाकी रिकामी करून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवतो, कारण दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल पडून राहिलं की आत डिंक जमतो. तेलाच्या दाबावर चालणारा हायड्रोस्टॅटिक गिअर चढावर जरा दमतो, त्याला मी हात लावणार नाही.

एकच काम राहिलंय. डेकच्या बाजूचा, कापलेलं गवत खाली वळवणारा प्लास्टिकचा डिफ्लेक्टर तडकलाय, आणि तो नसताना खडा उडाला तर शेजाऱ्याच्या खिडकीतच जाणार. 42 इंची, 917 वाला जुना डिफ्लेक्टर कुणाच्या गराजमध्ये पडून असेल तर कळवा. रॅली शहरापर्यंत स्वतः येऊन नेईन. किंमत मात्र वाजवी सांगा.