क्रोनो घ्यायचा तर तिपाईवरचा की नळीवरचा?

गेल्या काही महिन्यांत चार जणांनी मला एकच विचारलं. एअर रायफलच्या पेलेटचा, म्हणजे छऱ्याचा, वेग कमी वाटतोय, तो मोजायला क्रोनोग्राफ घ्यायचाय, तिपाईवर ठेवायचा घेऊ का नळीच्या तोंडाला बसवायचा? चौघांनाही मी वेगवेगळं उत्तर दिलं, कारण प्रत्येक वेळी घाईत होतो. म्हणून एकदा बसून लिहितोय. दोन्ही माझ्याकडे आहेत. तिपाईवाला आधी घेतला, नळीवाला वर्षभराने, आणि तो का घ्यावा लागला हे सांगितलं की माझं बरंचसं उत्तर येऊन जातं.

लातूरजवळ पत्र्याच्या शेडमध्ये आमची दहा मीटरची लेन आहे. उन्हाळ्यात दुपारी त्या पत्र्याखाली माणूस उभा राहू शकत नाही, रायफल धरणं तर लांबच. शिवाय पोरं शाळा-क्लास उरकून येतात. त्यामुळे सगळा सराव संध्याकाळी सहानंतर, ट्यूबलाईटखाली. तिपाईवाला घेताना हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

माझी मॅचची पीसीपी, म्हणजे सिलिंडरात आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी एअर रायफल. ०.५३ ग्रॅमचं पेलेट तिच्यातून सेकंदाला १७० ते १७५ मीटरने जायला हवं. एका नोव्हेंबरात आकडे यायला लागले १५८, १४९, १६६, मध्येच १७१, मध्येच नुसती एरर. मी शहाण्यासारखी दहा शॉटची सरासरी काढली. १६० आली. गेला रेग्युलेटर (दर शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग), असं मनाशी पक्कं केलं. सिलिंडर २०० बारपर्यंत भरून आणला, पेलेटचा डबा बदलला, ओ-रिंगा बदलल्या, आणि शेवटी नको ते केलं: वेगाचा स्क्रू अर्धा आटा आत घेतला. आकडे थोडे वर सरकले, पण विखुरलेले ते विखुरलेलेच.

मग एका रविवारी दुपारी शेडमध्ये एकटाच खटपट करत होतो आणि लाईट गेली. आमच्याकडे त्यात नवल काही नाही. दार सताड उघडं होतं, उजेड भरपूर, म्हणून तसेच चार शॉट मारले. १८१, १८१, १८२, १८१. वॉचमन मामा मागे उभे होते. म्हणाले, "सर, लाईट गेल्यावर बरोबर दाखवायलंय की हे."

तिपाईवाल्याचं गणित साधं आहे. पेलेट वरून जाताना उजेड टिपणाऱ्या दोन डोळ्यांवर सावली पडते, मधलं अंतर ठरलेलं, वेळ मोजली की वेग निघतो. माझ्या यंत्रात हे अंतर ३० सेंटिमीटर आहे. १७२ च्या वेगाने ते कापायला सेकंदाचा हजारावा भाग पावणेदोनदा लागतो, बस्स. जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. आपल्याला दिसत नाही, त्या डोळ्यांना दिसतं. रायफल तोपर्यंत ठणठणीत होती. बिघडवली ती मी, स्क्रू फिरवून.

उघड्यावर तिपाईवाला चांगला चालतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. भर उन्हात वरच्या पांढऱ्या पट्ट्या लावाव्या लागतात आणि वारा सुटला की एक जण तिपाई धरून बसवावा लागतो, एवढंच. नळीपासून फार जवळ मात्र ठेवू नका. तोंडातून सुटलेल्या हवेच्या झोताने पहिला डोळा आधीच चाळवला, तर वेळ जास्त मोजली जाते आणि वेग कमी दिसतो. परदेशात बंदुकीची काडतुसं घरी भरणारे लोक तर तो चांगला तीन-चार मीटर पुढे मांडतात. त्यांना दारूचाही झोत असतो ना. (आपल्याकडे कुणी त्या वाटेला जाऊ नये. परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे.) पण त्यांचंही पहिलं पथ्य हेच, की वेग कमी दिसला तर दारूच्या मापावर शंका घेण्याआधी क्रोनोवर घ्या.

नळीवाला स्वतःचा इन्फ्रारेड उजेड घेऊन येतो आणि बंद डबीत मोजतो. ट्यूब असो, अंधार असो, त्याला फरक पडत नाही. त्रास वेगळा आहे. मॅच रायफलला पुढची साईट काढून तो बसवावा लागतो आणि नंतर पुन्हा झिरो करत, म्हणजे नेम जुळवत, बसावं लागतं. तिरका बसला तर पेलेट आतल्या कडेला घासतं. माझ्या डबीला तसा एक ओरखडा आहेच. आता मी सिलिंडर उतरवून, रायफल रिकामी आहे हे बघून, ब्रीचमधून, म्हणजे पेलेट घालायच्या मागच्या तोंडातून, टॉर्च मारतो आणि समोरच्या कागदावर उजेडाचा गोल अख्खा पडतो का ते पाहतो. त्याचे दोन डोळे अगदी जवळजवळ असतात, त्यामुळे नेमक्या आकड्याबद्दल मी पैज लावणार नाही. चांगल्या उजेडात माझे दोन्ही क्रोनो एकमेकांपेक्षा दोन-तीन मीटरने वेगळं सांगतात. खरं कोण, देव जाणे.

पण बिघाड शोधताना मला नेमका आकडा लागत नाही, तो कसा हलतो ते लागतं. शॉटगणिक हळूहळू उतरत गेला तर आधी सिलिंडरचा गेज बघा. पहिलाच शॉट वेगळा आणि पुढचे एकसारखे, तर रेग्युलेटर. नुसतेच विखुरलेले असतील तर पेलेट, सील, किंवा माझ्यासारखी ट्यूबलाईट.

पुढच्या जानेवारीत नळीवाल्यावर पहिला शॉट १६३ आला, मग १७१, १७१, १७२. दहा मिनिटं थांबलो, पुन्हा पहिला १६३. रायफल नुसती उभी असताना रेग्युलेटरमधून दाब पुढे झिरपत होता आणि वाढलेल्या दाबापुढे हॅमरला (ट्रिगर ओढल्यावर ठोका देणारा भाग) हवा सोडणारा व्हॉल्व्ह पुरता उघडता येत नव्हता. रेग्युलेटरची सीट बदलली, प्रश्न मिटला. हाच १६३ तिपाईवाल्याने दाखवला असता तर मी लाईटवर ढकलून घरी गेलो असतो. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

तरी स्प्रिंगची रायफल असेल तर जरा थांबा. तिच्या धक्क्याने नळीवरची डबी सैल होते, आणि नवशिक्या पोरांच्या हातात मला ते नको वाटतं. तिथे तिपाईवालाच बरा, पण सकाळच्या उजेडात. तसंही स्प्रिंगवाल्यांत निम्म्या वेळा ब्रीचचं सील वाळलेलं असतं. सांध्यापाशी टिश्यूचा तुकडा धरून एक शॉट मारा, फडफडला की कळलं. त्याला क्रोनो लागत नाही. तिपाईवाल्यासाठी इन्फ्रारेड दिव्यांचा संचही मिळतो, पण दोन्ही मिळून खर्च माझ्या नळीवाल्याच्या वर जात होता. रडारवाल्यांबद्दल चांगलं ऐकलंय, आमच्या खिशाबाहेरचे आहेत.

आणखी एक कारण, कोणताही घेतलात तरी लागू. ४.५ मिमीची एअर रायफल २० जूलच्या आत असली तर परवाना लागत नाही. ०.५३ ग्रॅमच्या पेलेटला ती हद्द साधारण सेकंदाला २७५ मीटर वेगाला येते. मॅचवाले तिच्यापासून खूप लांब आहेत, पण जोरदार म्हणून विकली जाणारी सेकंडहँड रायफल घेताना दोन शॉट मोजून घेतलेले बरे.

तिपाईवाला अजून शेडमध्येच आहे. रविवारी सकाळी स्प्रिंगवाल्या पोरांसाठी काढतो. काढला की मामा मेन स्विचकडे चालत जातात आणि तिथूनच विचारतात, "घालवू का?"