व्हिडिओ प्रोसेसरच्या नावाने ४८ हजारांचा चुना, डेमोला भुलू नका

होम थिएटरसाठी वेगळा व्हिडिओ प्रोसेसर, म्हणजे प्लेअर आणि प्रोजेक्टरच्या मधे लावून चित्र सुधारायचा डबा, घ्यायच्या विचारात कोणी असेल तर पैसे देण्याआधी हे वाचा. मला ४८ हजारांचा चुना लागलाय आणि ज्याने लावला तो अजून दुकान मांडून बसलाय.

आमच्याकडे १२० इंची स्क्रीन आणि फोरके प्रोजेक्टर आहे. ब्लू-रे वगैरे झकास दिसतं, रडगाणं होतं ते डीटीएचवरच्या मॅचचं आणि बाबांच्या जुन्या नाटकांच्या डीव्हीडींचं. डीव्हीडीत मुळात ७२० बाय ५७६ एवढेच पिक्सेल, ते ३८४० बाय २१६० वर ताणायचे म्हटल्यावर काय होणार. एचडी चॅनेलसुद्धा १०८०आय येतात, म्हणजे आधी एकाआड एक ओळी आणि मग मधल्या, त्या नीट सांधल्या गेल्या नाहीत तर न्यूज चॅनेलच्या खालच्या पट्टीतली अक्षरं सरकताना कंगव्यासारखी दातेरी होतात. त्यात एचडीआरचं (उजेड-अंधाराचा जास्त फरक दाखवणारं चित्र) वेगळंच, ते स्टुडिओत तयार करतात १००० नाहीतर ४००० निट्स (उजेडाचं माप) धरून आणि घरचा प्रोजेक्टर एवढ्या मोठ्या स्क्रीनवर जेमतेम १०० च्या आसपास देतो, मग पिक्चर अंधारं वाटतं. मधला हिशोब जुळवायचा म्हणजे टोन मॅपिंग, आणि आजकाल प्रोसेसर घ्यायचं खरं कारण तेच आहे. लुमाजेन रेडियन्स प्रो, मॅडव्हीआर एन्व्ही ही त्यातली खरी नावं, पण किमती लाखांत.

इथेच या लोकांचं फावतं. एका इन्स्टॉलरने (नाव घेत नाही, तक्रार चालू आहे) सांगितलं, "साहेब, आतला चिपसेट तोच, फक्त ब्रँडचे जादा पैसे तुम्हाला द्यावे लागत नाहीत." मग दुकानात डेमो. रिमोटचं एक बटण दाबलं की "आधी", दुसरं दाबलं की "नंतर". आधीचं चित्र धुरकट, रंग उडालेले, नंतरचं एकदम कडक, अंपायरच्या टोपीची शिलाई दिसेल इतकं. बायको पण म्हणाली छान आहे, आणि तिला सहसा यातलं काहीच छान वाटत नाही.

घरी लावल्यावर मात्र काही जमेना. डीव्हीडी होती तशीच, फक्त माणसांच्या कडेने पांढरी रेघ आली, म्हणजे शार्पनेस नुसता चढवून ठेवलेला. आणि एचडीआर पिक्चर लावलं तर प्रोजेक्टरवर एचडीआरची खूण यायचीच बंद झाली. प्रोजेक्टरच्या मेनूत इन्फो म्हणून एक पान असतं, त्यात कुठला सिग्नल आत येतोय ते लिहून येतं, ते उघडलं तर ३८४० बाय २१६०, ३० हर्ट्झ (सेकंदाला ३० चित्रं), एसडीआर, म्हणजे एचडीआर नसलेलं साधं चित्र. तो डबा काढला, केबल सरळ प्लेअरमधून प्रोजेक्टरला दिली, तर ६० हर्ट्झ आणि एचडीआर१०. म्हणजे चित्र सुधारणं राहिलं बाजूला, हा डबा आलेला सिग्नल कापून पुढे देत होता! आतमध्ये जुना एचडीएमआय १.४ चा मामला, त्याची धाव सेकंदाला १०.२ गीगाबिटपर्यंत, फोरके ६० पूर्ण रंगांसकट न्यायला १८ लागतात.

शेवटी वॉरंटीचं स्टिकर फाडून झाकण उघडलं. एवढ्या मोठ्या धातूच्या केसमध्ये हाताच्या पंजाएवढं एक हिरवं बोर्ड, ऑनलाइन हजार-दीड हजारात एचडीएमआय कन्व्हर्टर मिळतात त्यातलं, आणि तळाला स्क्रूने आवळलेली लोखंडी पट्टी. पट्टीला एकही वायर नाही, ती फक्त वजनासाठी. डबा हातात घेतल्यावर माल भारी वाटला पाहिजे ना.

तक्रार घेऊन दुकानात गेलो तेव्हा तो आत फोनवर होता, तेवढ्यात रॅकच्या मागे डोकावलो. "आधी"वाल्या इनपुटला सेटटॉप बॉक्समधून पिवळ्या पिनची जुनी एव्ही केबल आलेली, आणि "नंतर"वाल्याला त्याच बॉक्सची एचडीएमआय. शिवाय त्या "नंतर"वाल्या इनपुटला पिक्चर मोड डायनॅमिक, म्हणजे रंग भडक करणारा. असा डेमो लावला तर मधे साबणाचा डबा ठेवून पण चित्र सुधारेल.

पैशाचं म्हणाल तर "पक्कं बिल नको, १८ टक्के वाचतील" म्हणून त्याने कच्च्या कागदावर एस्टिमेट दिलं, अर्धी रक्कम कॅश आणि अर्धी यूपीआयने, ती पण दुकानाच्या नाही तर कुणाच्या तरी पर्सनल खात्यावर. १८ टक्के वाचवून द्यायचा एवढा उत्साह कशासाठी ते आता कळतंय, बिल नाही म्हणजे मॉडेल नाही, सिरीयल नंबर नाही, वॉरंटी कशावर मागणार. तरी यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सअॅपवरचं बोलणं पुरावा म्हणून चालतं, ते डिलीट करू नका. १९१५ ला फोन करून ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकलीये, नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, तिथे ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि २ वर्षांच्या आत जाता येतं.

आणि डेमो बघायचाच असेल तर आपला प्लेअर, आपली डिस्क, आपली केबल घेऊन जा. दोन्ही वेळा केबल तीच आणि पिक्चर मोड तोच ठेवायला सांगा, इन्फोचं पान दोन्ही वेळा उघडून बघा, न्यूजची पट्टी सरकताना बघा, एचडीआरमध्ये ढगाळ आभाळाचा सीन लावा, ढगांचे आकार दिसतात का नुसता पांढरा डाग ते बघा. खऱ्या कंपनीचा माल म्हणत असेल तर सिरीयल नंबर घेऊन कंपनीला मेल टाका. कॉम्प्युटर जमत असेल तर बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड घालून मॅडव्हीआरचं फुकट सॉफ्टवेअर वापरून बघा, डोकेफोड आहे पण खऱ्यातलं आहे.

तो आता माझा फोन उचलत नाही. मेव्हण्याने त्याच्या नंबरवरून विचारलं तर लगेच उचलला, तोच डबा, "नवीन लॉट आलाय साहेब", भाव ५३ हजार.