दोन पिनांचा ओलमापक: भिंत कुणामुळे काळी पडली, ते कळतं का?

वडोदऱ्यात दांडिया बाजारातलं जुनं विटांचं घर असो की अलकापुरीतला फ्लॅट, श्रावण सरता सरता कपाटामागे काळे ठिपके दिसतात आणि वादाला तोंड फुटतं. मालक म्हणतो, "तुम्ही खिडक्याच उघडत नाही." भाडेकरू म्हणतो, "तुमची भिंतच गळते." हजार-दोन हजारांत मिळणारा पिनवाला ओलमापक हा वाद मिटवतो का? अर्धा मिटवतो, तोही नीट वापरला तर.

दोन पिना भिंतीत टोचायच्या. त्यांच्यामधून वीज किती सहज जाते त्यावरून आकडा येतो. गोम इथेच आहे. स्वस्त मापकातली टक्केवारी लाकडासाठी बसवलेली असते. चौकटीच्या लाकडात 20 च्या वर आकडा टिकून राहिला तर लाकूड कुजायला लागेल, पण प्लास्टरवरचा 20 म्हणजे 20 टक्के पाणी नव्हे. तिथे फक्त तुलना करायची. लोणा, म्हणजे क्षारांची पांढरी पूड, धरलेली भिंत तर सरळ फसवते: क्षारांमुळे जवळपास कोरडं प्लास्टरही ओलं दाखवतं. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीच्या पुरात बुडालेल्या तळमजल्यांचे आकडे हे धरूनच वाचावेत. आधी पांढरी पूड कोरड्या ब्रशने झाडा; पाण्याने धुतलीत तर क्षार पुन्हा आत मुरतात.

जमिनीपासून अर्धा, एक, दोन, तीन आणि पाच फुटांवर पेन्सिलीने खुणा करा. तशाच खुणा एखाद्या ठणठणीत आतल्या भिंतीवरही करा, नाहीतर तुलना कशाशी करणार? आकडा खाली जास्त आणि तीन-साडेतीन फुटांपर्यंत उतरत गेला, तर ओल बहुधा जमिनीतून चढते आहे. कितीही खिडक्या उघडा, ती थांबत नाही, काम मालकाचं. बाथरूमच्या मागच्या भिंतीवरच आकडा चढा असेल तर नहाणी ट्रॅप (पाणी वाहून जायचं भोक) बोळ्याने बंद करून एक इंच पाणी 24 तास साठवा आणि त्याच खुणांवर पुन्हा मोजा. वाढला तर गळती लादीच्या सांध्यांतून किंवा ट्रॅपपाशी आहे. न वाढल्यास नळाच्या लाइनीकडे वळा.

ठिपके आहेत, पण ओल भिंतीतली की हवेतली ते कळत नाही, अशा वेळी फूटभर चौरस प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून 48 तास ठेवा. आतून ओलं झालं तर पाणी भिंतीतलं, बाहेरून झालं तर हवेतलं. शेजारच्या खोलीत एसी 18 वर चालत असेल तर इकडची भिंत थंड पडते आणि पावसाळी हवा तिच्यावर दव धरते. कपाट चार बोटं पुढे ओढणं, कपडे घरात न वाळवणं, एसी 25-26 वर ठेवणं ही भाडेकरूची कामं. मात्र बाथरूमला झरोकाच नसेल तर एक्झॉस्ट बसवून देणं पुन्हा मालकाकडेच आलं, असं आमचं मत.

आकडा सापडला तरी करार हवाच. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 108 प्रमाणे, जी दुरुस्ती मालकावर बंधनकारक आहे ती त्याने कळवूनही वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. "बंधनकारक" या शब्दावरच घोडं अडतं. म्हणून 11 महिन्यांच्या करारात गळती, नळ आणि बाहेरच्या भिंती मालकाकडे, असं स्पष्ट लिहून घ्या. चावी मिळेल त्या दिवशीचे आकडे फोटोसकट जोडा. मालकालाही याचा फायदा आहे: घर सोडताना भिंत कुणी बिघडवली ते दिसतं.

ओल तशीच ठेवून पुट्टी आणि रंग मारला की एक-दोन पावसाळ्यांत पोपडे येतात. मापक असेल तर रंगाऱ्याला बोलावण्याआधीच ते टाळता येतं. टाइलवर मात्र तो निरुपयोगी, आणि प्लास्टरमागे तारेची कोंबडी जाळी असली की खोटाच बोलतो. स्विचबोर्डाजवळ पिना खुपसू नका. घेताना बदलता येणाऱ्या पिना आणि आकडा गोठवणारं बटण पाहा, म्हणजे फोटो काढेपर्यंत आकडा हलणार नाही.